इंधनटंचाईत रुग्णसेवेची चाकं चालू ठेवताना: छोटी रुग्णालयं, डायलिसिस केंद्रं, वृद्धाश्रम आणि घरपोच शुश्रूषा संस्थांसाठी

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशात तेलाचा तुटवडा नव्हता. रिफायनऱ्या चालू होत्या, डेपोंमध्ये साठा होता. तरी महाराष्ट्रात ठिकठिकाणी पंपांवर रांगा लागल्या आणि काही पंपांनी दोर बांधले. कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मधल्या, अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध ट्रक-टँकरचालक गाड्या उभ्या करून बसले होते, आणि मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर हलत नव्हते. चंडीगढ प्रशासनाने तर दुचाकीला २ लिटर आणि चारचाकीला ५ लिटर अशी मर्यादाच घातली. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांशी वाहतूकदारांची बोलणी झाली आणि प्रकरण निवळलं.

ती मर्यादा रुग्णसेवेच्या नजरेने वाचून बघा. घरोघरी जाऊन ड्रेसिंग आणि इंजेक्शन देणाऱ्या नर्सची स्कूटर २ लिटरमध्ये दोन दिवस आरामात चालते. डिझेलवरची रुग्णवाहिका ५ लिटरमध्ये पन्नासेक किलोमीटर जाते, म्हणजे तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला एक फेरीही धड होत नाही. असे आदेश घाईत निघतात आणि ते काढताना डोळ्यांसमोर घरगुती गाड्या असतात. सवलत मिळते ती यादीत नाव असलेल्याला. म्हणून या लेखातलं निम्म्याहून जास्त काम टंचाई नसतानाच उरकायचं आहे.

टंचाई कोणत्या जातीची आहे?

हे आधी ओळखायचं, कारण उपाय त्यावर ठरतात.

पहिली जात वाहतुकीची: माल आहे, पण टँकर चालत नाही. ही सहसा काही दिवसांत सुटते. पाइपलाइनवरच्या पंपांना सीएनजी मिळत राहतो. गाडीने सिलिंडर आणून चालणाऱ्या सीएनजी पंपांना मात्र ही सवलत नाही, तेव्हा आपल्या भागातला पंप कोणता, ते विचारून ठेवा.

दुसरी जात घबराटीची. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये टँकरचालक कमी होते हे खरं, पण पंप कोरडे पडले ते लोकांनी एकाच वेळी टाक्या भरायला धाव घेतल्यामुळे. ४ ऑक्टोबरपासून लष्कराचे चालक टँकरवर आणावे लागले.

तिसरी जात सगळ्यात वाईट: देशाकडेच माल नाही, किंवा तो आणायला पैसा नाही. श्रीलंकेने जून २०२२ च्या अखेरीपासून १० जुलैपर्यंत फक्त अत्यावश्यक सेवांना इंधन दिलं आणि मग क्यूआर कोडचा फ्यूएल पास आणला. त्यात मोटरसायकलला आठवड्याला ४ लिटर, मोटारीला २० लिटर. अशा व्यवस्थेत गाडीची नोंदणी कोणाच्या नावावर आणि कोणत्या प्रकारात आहे यावर सगळं अवलंबून असतं. रुग्णवाहिका म्हणून वापरली जाणारी, पण आरटीओच्या दप्तरी खासगी मोटार असलेली गाडी इथे हमखास अडकणार.

भारताकडे विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या भूगर्भातल्या गुहांमध्ये ५३.३ लाख टन क्षमतेचा राखीव साठा आहे, असा दिलासा बातम्यांत दिला जातो. तो कच्च्या तेलाचा साठा आहे. तिसऱ्या दिवशी तुमच्या जनरेटरला त्याचा काही उपयोग नाही.

आपोआप कोणाला मिळतं आणि कोण राहून जातं

पोलीस, अग्निशमन, १०८ च्या रुग्णवाहिका, गरोदर माता आणि बाळांसाठीची १०२ सेवा, सरकारी रुग्णालयं यांना वेगळा अर्ज करावा लागत नाही. सायरन आणि सरकारी पाटी हेच त्यांचं ओळखपत्र. नाव असलेली मोठी खासगी रुग्णालयंही फोनवर काम करून घेतात.

राहून जातात ते पुढचे: वीस-तीस खाटांचं नर्सिंग होम, भाड्याच्या जागेतलं डायलिसिस केंद्र, गावाबाहेरचा वृद्धाश्रम, ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणारा टेम्पो, आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या स्कूटरवरून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस बदलायला जाणाऱ्या मावशी. मावशींकडे नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही, गाडीवर पाटी नाही. पंपावरच्या हवालदाराला त्या आणि भाजी आणायला निघालेली बाई यांत फरक कसा कळावा? ब्रिटनमध्येही २०२१ मध्ये हीच अडचण आली. डॉक्टरांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना प्राधान्य मागत राहिल्या, पण राष्ट्रीय योजनेतली 'ठरावीक पंप फक्त अत्यावश्यक सेवांना' ही तरतूद सरकारने वापरलीच नाही. ती कागदावर होती आणि सप्टेंबर २००० मध्ये आंदोलकांनी केलेल्या इंधन डेपोंच्या नाकेबंदीत तसे राखीव पंप नेमलेही गेले होते. तरतूद असणं आणि ती वेळेवर लागू होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा तिच्या भरवशावर सगळं सोडू नका.

आपल्याकडे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुण्यासह अनेक जिल्ह्यांत पेट्रोल फक्त अत्यावश्यक सेवांना द्यायचे आदेश निघाले. तेव्हा इंधन भरपूर होतं, पण ओळखीच्या कागदाशिवाय मिळत नव्हतं.

पहिलं काम: लिटरमध्ये हिशेब

बहुतेक संस्थांचा इंधनाचा हिशेब रुपयांत असतो. पंपाचं महिन्याचं बिल किती, एवढंच हिशेबनिसाला माहीत असतं. जिल्हा पुरवठा अधिकारी विचारणार, 'रोज किती लिटर लागतं?' तिथे 'साधारण पंधरा हजारांचं' हे उत्तर चालत नाही.

गाड्यांचं सोपं आहे. लॉगबुकावरून गेल्या तीन महिन्यांचे किलोमीटर आणि भरलेले लिटर काढा. कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज धरू नका. एसी चालू ठेवून रुग्णालयाच्या दारात उभी राहणारी रुग्णवाहिका त्याहून बरंच जास्त पिते. कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या गाड्याही मोजा. संस्थेच्या नावावर नसल्या तरी सेवा त्यांच्यावरच चालते.

जनरेटरला जरा वेळ द्या. ढोबळ मानाने १ लिटर डिझेलमागे ३ ते ३.५ युनिट वीज मिळते. तुमच्याकडे ६२.५ केव्हीएचा संच आहे आणि इलेक्ट्रिशियनने मोजलेला भार ३० किलोवॅट आहे, तर तासाला साधारण ९ ते १० लिटर जातील. आठ तास वीज नसली की ७५-८० लिटर. आता हा भार कशाचा, ते वेगळं करा. ऑपरेशन थिएटर, अतिदक्षता विभाग, लशींचा आणि औषधांचा फ्रिज, ऑक्सिजनचं यंत्र, पाण्याचा पंप, थोडे दिवे. हे सगळं बरेचदा १०-१२ किलोवॅटच्या आत बसतं. बाकीचे एसी, गीझर, जाहिरातीचा बोर्ड. पण लक्षात घ्या, भार तिसऱ्या हिश्शावर आणला म्हणून डिझेल तिसऱ्या हिश्शावर येत नाही. मोठा संच कमी भारावर चालवला की युनिटमागे जास्त पितो, आणि ३० टक्क्यांखाली रोज तासन्‌तास चालला तर इंजिनात काजळी धरते. परवडत असेल तर रात्रीसाठी १५-२० केव्हीएचा छोटा संच आणि अत्यावश्यक भाराची वेगळी वायरिंग करून घ्या. टंचाई नसतानाही हा खर्च वसूल होतो.

त्यातून तीन आकडे काढून भिंतीवर लावा: नेहमीची रोजची गरज, काटकसर करून लागणारी गरज, आणि ज्याखाली रुग्णाला धोका आहे ती किमान गरज. अर्जात मधला आकडा द्या. फुगवलेला आकडा पुरवठा खात्याला लगेच कळतो, आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यावरही विश्वास राहत नाही.

दुसरं काम: कागद

पेट्रोल-डिझेल जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली येतं. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष. पंपांवर राखीव साठा ठेवायला लावणं, विक्रीवर मर्यादा घालणं, कोणाला आधी द्यायचं ते ठरवणं हे आदेश तिथूनच निघतात. प्रत्यक्ष यादी मात्र जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांच्या टेबलावर तयार होते आणि तालुक्यात तहसीलदार आणि पुरवठा निरीक्षक ती राबवतात. मुंबई-ठाण्याच्या शिधावाटप क्षेत्रात हे काम शिधावाटप नियंत्रकांच्या कार्यालयाकडे. आरोग्याच्या बाजूने शिफारस लागते: ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी, शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी. शिफारशीसह गेलेला अर्ज पटकन मार्गी लागतो. नुसता गेलेला आवकमध्ये पडून राहतो.

अर्ज एका पानात बसवा. हा मसुदा वापरा:

*प्रति, मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, जिल्हा ……*
*मार्फत: मा. जिल्हा पुरवठा अधिकारी*
*विषय: इंधनटंचाईच्या काळात अत्यावश्यक रुग्णसेवेस प्राधान्याने इंधन मिळणेबाबत.*

*महोदय / महोदया,*
*आमची संस्था …… (नोंदणी क्र. ……) …… येथे …… खाटांची / दरमहा …… रुग्णांची सेवा करीत आहे. संस्थेची वाहने व जनरेटर यांचा तपशील सोबतच्या तक्त्यात दिला आहे. काटकसर करूनही दररोज डिझेल …… लिटर व पेट्रोल …… लिटर आवश्यक आहे. पुरवठा खंडित झाल्यास …… रुग्णांची (डायलिसिस / ऑक्सिजन / अतिदक्षता) सेवा …… तासांत बंद पडेल.*
*सबब, आमच्या संस्थेचा समावेश प्राधान्य यादीत करावा, …… या पंपावरून इंधन देण्याबाबत निर्देश व्हावेत, तसेच जनरेटरसाठी कॅनमधून डिझेल नेण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.*
*संपर्क अधिकारी व पर्यायी व्यक्ती: ……*

तक्त्यात गाडी क्रमांक, इंधनाचा प्रकार, नोंदणी कोणाच्या नावे, कामाचं स्वरूप आणि रोजचे लिटर एवढेच रकाने. सोबत नर्सिंग होम नोंदणीचं प्रमाणपत्र, आरसीच्या प्रती आणि जनरेटरची क्षमता दाखवणारा कागद. पोच घ्या, तिच्या फोटोप्रती प्रत्येक गाडीत ठेवा. 'खंडित झाल्यास किती तासांत बंद पडेल' हे वाक्य गाळू नका. प्राधान्य ठरवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

घरपोच शुश्रूषा संस्थांनी आणखी एक करायचं. प्रत्येक मावशीला, ब्रदरला फोटोसह ओळखपत्र आणि संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या: ही व्यक्ती अमुक भागातल्या इतक्या रुग्णांकडे जाते, गाडी क्रमांक अमुक. रुग्णांची नावं-पत्ते त्यात लिहू नका, ते पंपावरच्या गर्दीत फिरायची वस्तू नाहीत. ज्या रुग्णाला ट्यूब, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात केलेलं छिद्र) किंवा ऑक्सिजन आहे, त्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी संस्थेच्या फायलीत असू द्या, तपासणी झालीच तर दाखवता येईल.

एक गोष्ट उलट बाजूची. त्याच आपत्ती कायद्याखाली प्रशासन वाहनं ताब्यात घेऊ शकतं, आणि २०२० मध्ये खासगी रुग्णवाहिका अधिग्रहित झाल्याही. दोन रुग्णवाहिका असतील, तर कोणती देता येईल आणि कोणती का देता येणार नाही, याचं उत्तर तयार ठेवा.

तिसरं काम: पंप

माझ्या मते आदेशाइतकंच महत्त्वाचं नातं पंपमालकाशी असतं. त्याची गणितं समजून घ्या. तो कंपनीकडे आधी पैसे भरतो, मग इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, लागतो, मग डेपोवरून टँकर निघतो. टंचाईत त्याच्या टाकीत तळाचा थोडा माल असतो आणि दारात दोनशे माणसं. 'रुग्णालयासाठी आहे' असं सांगणारे त्या दिवशी पन्नास येतात. वर्षभर ज्याच्याकडे खातं आहे, ज्याचा चालक त्याच्या ओळखीचा आहे, आणि ज्याचं मागचं बिल थकलेलं नाही, त्याच्यासाठी तो पन्नास लिटर बाजूला ठेवतो. उधारी थकवणाऱ्या संस्थेने त्या दिवशी माणुसकीची अपेक्षा करू नये.

दोन पंपांवर खाती ठेवा, आणि शक्यतो वेगवेगळ्या डेपोंवरून भरणाऱ्या. पंपमालकाला सरळ विचारा, 'तुमचा टँकर कुठून येतो?' पानेवाडी, पुण्याजवळचं लोणी काळभोर, सोलापूरचं पाकणी, अकोल्याचं गायगाव यांपैकी एक ठिकाण अडलं तर दुसरं चालू असू शकतं. एकाच डेपोवरचे दोन पंप म्हणजे कागदावरचा पर्याय.

घरपोच डिझेल देणाऱ्या फिरत्या पंपांची सोय आता मोठ्या शहरांत आहे. इंडियन ऑइलने तिचा पहिला प्रयोग मार्च २०१८ मध्ये पुण्यातच केला. जनरेटरवाल्यांना ती सोयीची आहे, पण करार शांततेच्या काळात करा आणि टंचाईतला अग्रक्रम लेखी मागा. ती गाडीही शेवटी त्याच साखळीतून भरते.

साठा किती ठेवावा?

इथे उत्साह आवरा. पेट्रोलियम अधिनियमानुसार डिझेलसारख्या 'ब' वर्गाच्या पदार्थाचा विनापरवाना साठा एका जागी २,५०० लिटरपर्यंत चालतो, पण कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. जनरेटरच्या टाक्या ९९० लिटरच्या का मिळतात, त्याचं कारण हेच. पेट्रोल 'अ' वर्गातलं. ते स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंतच, आणि धातूच्या भांड्यात, तेही २५ लिटरपेक्षा मोठं नको. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मागू नका आणि कर्मचाऱ्यांना घरी साठवायला सांगू नका. याहून जास्त साठ्याला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटकं आणि पेट्रोलियम सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो.

कायद्याने चालतं म्हणून २,५०० लिटर ठेवावेत असं नाही. वीस-तीस खाटांच्या रुग्णालयाने किमान गरजेचा तीन ते पाच दिवसांचा साठा ठेवला तरी पुरे. जागा इमारतीबाहेर, सावलीत, ऑक्सिजन मॅनिफोल्डपासून (सिलिंडर एकत्र जोडलेल्या जागेपासून) लांब, वाळूच्या बादल्या आणि फोमचं अग्निशामक हाताशी. पावसाळ्यात टाकीत पाणी उतरतं. तळाचा नळ सोडून ते काढत जा आणि जुनं डिझेल आधी वापरा. सहा महिने पडून राहिलेलं डिझेल नेमकं संकटात फिल्टर चोंदवतं.

टंचाई लागल्याच्या दिवशी

सकाळी एकाच माणसाकडे सूत्रं द्या. पंप, पुरवठा कार्यालय आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ यांच्याशी तोच बोलेल. तिघांनी तीन आकडे सांगितले की फाइल मागे जाते.

गाड्या रात्री उशिरा किंवा पहाटे भरायला पाठवा. टँकर केव्हा रिकामा होणार हे पंपावरून आधी विचारून घ्या. रांगेत रुग्णवाहिका पुढे काढताना सायरन वाजवू नका, गाडीत रुग्ण नाही हे लोकांना दिसतं आणि भांडण होतं. पत्र घेऊन पंपावरच्या पोलिसाकडे जा.

फेऱ्या एकत्र करा. घरपोच सेवेत रुग्णांची वाटणी कर्मचाऱ्याच्या सोयीने झालेली असते. ती गल्लीप्रमाणे करा, जवळची मावशी जवळच्या रुग्णाकडे. कुटुंबाला स्पष्ट सांगा की काही दिवस वेगळं माणूस येईल. ज्यांची सेवा रोज लागत नाही, त्यांचं एक दिवसाआड करा, पण ही यादी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा यावंच लागतं. इंधन वाचवायला पाळी गाळायचा निर्णय केंद्राच्या व्यवस्थापकाचा नाही, नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचा आहे. व्यवस्थापकाच्या हातात आहे ते गाव जुळवणं: एकाच रस्त्यावरच्या चार रुग्णांना एकाच पाळीत बसवा, त्यांची एक गाडी ठरवा. एसटी चालू असेल तर तिच्या वेळेनुसार पाळी हलवा.

महावितरणच्या उपविभागात फोन करून आपल्या फीडरवरची (आपल्या भागाला वीज देणाऱ्या वाहिनीवरची) नियोजित देखभाल पुढे ढकलायला सांगा. पुण्यात गुरुवारची देखभाल ठरलेली असते. त्या एका बंदमध्ये जनरेटर ७० लिटर खाऊन टाकतो.

स्वतःच्या गाड्यांपलीकडचं डिझेल

पुष्कळ संस्था इथे गाफील राहतात. तुमचं डिझेल तुमच्याकडे असेल, पण तुमच्याकडे येणाऱ्यांचं?

पाणी घ्या. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. दहा यंत्रं, दोन पाळ्या म्हणजे २,४०० लिटर, आणि आरओत वाया जाणारं वेगळं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे पाणी डिझेलच्या टँकरने येतं. टँकरवाल्याचा क्रमांकही आपल्या तक्त्यात घाला.

जैववैद्यकीय कचरा, नियमांनुसार, ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो नेणारी गाडी बंद पडली तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी लेखी कळवा. ऑक्सिजन पुरवठादाराला विचारा की त्याची गाडी यादीत आहे का. नसेल तर दोघांनी मिळून अर्ज करा. स्वयंपाकघराचा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर अडला की घरगुती सिलिंडर आणायचा मोह होतो. तो नियमात बसत नाही. इंडक्शन शेगड्या आणि खिचडी-भाताचा साधा मेनू यावर काही दिवस निघतात.

घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाच्या कुटुंबाला हा हिशेब लिहून द्या: ७ घनमीटरचा मोठा सिलिंडर मिनिटाला २ लिटर या वेगाने सुमारे ५८ तास चालतो, दीड घनमीटरचा छोटा साडेबारा तास. मिनिटाला ५ लिटर देणारं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज घेतं. चांगल्या स्थितीतल्या १५० एएच बॅटरीवर फक्त तेवढंच चालवलं, तर तीन-चार तास मिळतात. बॅटरी दोन वर्षांहून जुनी असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका, आधी चालवून बघा.

रोजची नोंद

प्राधान्याने मिळालेल्या प्रत्येक लिटरची वही ठेवा: तारीख, पंप, लिटर, गाडी किंवा जनरेटर, किलोमीटर किंवा तास, सही. डॉक्टरांच्या घरच्या गाडीत त्यातलं पाच लिटर गेलं आणि ते बाहेर कळलं, तर पुढच्या वेळी संपूर्ण तालुक्यातल्या नर्सिंग होम्सना त्याचा त्रास होतो. टंचाई उठली की वापराचा तक्ता जिल्हा पुरवठा कार्यालयाला स्वतःहून द्या, उरलेली परवानापत्रं परत करा आणि अर्जातला रोजच्या गरजेचा आकडा वहीवरून दुरुस्त करून घ्या. प्राधान्य यादीचं नूतनीकरण सहसा कोणी आठवणीने करत नाही. दर एप्रिलला, मान्सूनपूर्व आढावा बैठकीच्या आधी, नवे गाडी क्रमांक घालून अर्ज पुन्हा द्या.